गाडीतली मॅट उचलून बघा

पंधरा दिवसांत शाळा सुरू होतील. त्याआधी ही पोस्ट टाकायची होती. खरं तर गेल्या वर्षीच टाकायला पाहिजे होती. का टाकली नाही, तेही खाली लिहिलंय. पोस्ट मोठी आहे. अर्धी गाडीच्या गंजाबद्दल आहे, अर्धी माझ्याबद्दल. ज्यांची लेकरं व्हॅननं किंवा रिक्षानं शाळेत जातात त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा, एवढी विनंती.

माझी गाडी 2008 ची. पांढरी, लहान, एमएच 21 पासिंगची. 2014 ला सेकंडहँड घेतली. गेल्या वर्षी, म्हणजे 2023 च्या ऑगस्टमध्ये, तिची 15 वर्षं भरत होती. खासगी गाडीला 15 वर्षं झाली की ती आरटीओत नेऊन तपासून घ्यावी लागते, मग पुढच्या 5 वर्षांची नोंदणी मिळते. केंद्र सरकारनं एप्रिल 2022 पासून या फेरनोंदणीची फी 600 रुपयांवरून 5000 केली. वर आपल्या राज्याचा पर्यावरण कर वेगळा. माझ्या गाडीचं इंजिन ठणठणीत होतं. अडचण पत्र्याची होती.

डाव्या बाजूच्या मागच्या मडगार्डच्या काठाला रंग फुगला होता. दोन दरवाजांच्या खालच्या कडेला तांबूस डाग. डिक्कीच्या नंबरप्लेटवरच्या लाइटपाशी एक ठिपका, आणि छताच्या पन्हाळीत एक. सगळे मिळून पाच. सगळ्यात मोठा दहा रुपयांच्या नाण्याएवढा.

आपण म्हणतो, जालना कोरडा जिल्हा, इथं कोकणासारख्या गाड्या गंजत नाहीत. ते खरंय. पण आपल्याकडं काळ्या मातीचा चिखल आहे. पावसाळ्यात शिवाररस्त्यानं गेलं की तो मडगार्डच्या आत जाऊन बसतो आणि वरून वाळला तरी आतून कितीतरी दिवस ओल धरून राहतो. आणि पाण्याची टंचाई आहे. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येणाऱ्या घरात गाडी धुवायची म्हणजे बायकोच्या शिव्या खायच्या. 2012-13 च्या दुष्काळात तर गाडी धुणाऱ्याकडं लोक गुन्हेगारासारखं बघायचे. मग आपण काय करतो? ओल्या फडक्यानं वरून पुसतो. वरून गाडी चकचकीत, खालचा चिखल तसाच.

एका भंगारवाल्याला विचारलं तर त्यानं किलोचा भाव सांगितला. इथं भंगाराला भाव विचारायची अडचण नाही. "जालना सोने का पालना" म्हणणारी पिढी गेली, आता आपलं गाव स्टीलचं. औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्यांमध्ये देशभरातलं आणि परदेशातलंही भंगार वितळतं, त्याच्या सळया होतात आणि महाराष्ट्रभरच्या स्लॅबमध्ये जातात. माझीही गाडी कुणाच्या तरी घराच्या पिलरमध्ये गेली असती. बायको म्हणाली, "अहो, चालती गाडी कशाला मोडता? डाग तर आहेत." म्हणून डाग काढून घ्यायचं ठरवलं.

जालन्यात औद्योगिक वसाहतीकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे चार खांब आणि वर पत्रा. मालकाला सगळे चाचा म्हणतात. साठीचे आहेत, चाळीस वर्षं पत्र्यात गेली. मी म्हणालो, चाचा, बजेट कमी आहे. ते म्हणाले, "पत्रकारसाब, इसमें पेंट का खर्चा कम, घासने का ज्यादा. घासायचं काम तुम्ही करा, गन मी मारतो." अशी सुट्टी काढून मे महिन्यात तीन दिवस मी त्या पत्र्याखाली बसलो. बेचाळीस डिग्रीत. तिथं जे शिकलो ते आधी सांगतो, कारण बऱ्याच जणांच्या कामाचं आहे.

पहिली गोष्ट. दिसतो तो डाग कधीच तेवढा नसतो. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. म्हणून रंग फुगतो. स्लॅबमधली सळई गंजली की काँक्रीट फुटून पोपडा पडतो, ते याच कारणानं. म्हणजे रंगाला फोड दिसला तेव्हा आत गंज पसरून बराच काळ झालेला असतो. माझ्या मडगार्डवरचा नाण्याएवढा डाग घासल्यावर तळहाताएवढा निघाला.

दुसरी गोष्ट. घासायच्या आधी टोचून बघायचं. चाचांनी जुना स्क्रू ड्रायव्हर हातात दिला आणि म्हणाले, दाबा. गाडीचा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. टोक आत गेलं नाही, पत्रा टणक लागला, तर गंज वरवरचा आहे, घरीसुद्धा निघतो. पत्रा पापडासारखा करकरला किंवा टोक आरपार गेलं, तर तिथं घासून उपयोग नाही. तेवढा भाग कापून नवीन पत्रा वेल्ड करायचा. माझे पाचही डाग टणक निघाले. नशीब, म्हणालो.

मग घासणं. डागाच्या भोवती चिकटपट्टी लावायची, म्हणजे चांगल्या रंगाला ओरखडे जात नाहीत. आधी 80 नंबरचा पॉलिश पेपर, मग 180, मग 320. कुठपर्यंत? पत्रा चांदीसारखा दिसेपर्यंत. काळे बारीक ठिपके राहिले असतील तर तो गंजच असतो, खड्ड्यात बसलेला. पेपर तिथं पोचत नाही. त्यासाठी गंज मारणारं द्रव मिळतं, त्यात फॉस्फरिक ॲसिड असतं. ब्रशनं लावायचं, डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ ठेवायचं, पुसायचं, वाळवायचं. हातमोजे घालून. मी पहिल्या दिवशी मोजे न घालता बसलो, संध्याकाळी बोटं चुरचुरत होती.

उघड्या पत्र्याला बोट लावायचं नाही, हे चाचांनी तीनदा सांगितलं. घामात मीठ असतं. थिनरच्या फडक्यानं पुसायचं आणि लगेच प्रायमर मारायचा. उघडा पत्रा रात्रभर ठेवला की सकाळी त्यावर पुन्हा तांबूस झाक दिसते.

आणि इथंच सगळे चुकतात. पत्रा घासला की लोक थेट पुट्टी भरतात. पुट्टी दिसायला दगडासारखी असली तरी ती पाणी पिते. तिच्याखाली प्रायमर नसेल तर पाणी पत्र्यापर्यंत जातं आणि वर्षभरात तिथंच पुन्हा फोड येतो. म्हणून आधी इपॉक्सी प्रायमर, तो पूर्ण वाळल्यावर खड्डा असेल तिथं पातळ पुट्टी, ती घासून सपाट, पुन्हा प्रायमर, मग रंग. रंगाचा कोड गाडीवरच्या प्लेटवर असतो. पांढरा म्हणजे कोणताही पांढरा नाही, हे मला तिथं कळलं. जाड एक हात मारण्यापेक्षा पातळ तीन हात, मध्ये वाळायला वेळ देऊन. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुपारी रंग मारायचा नाही. थिनर हवेतच उडून जातं आणि रंग पत्र्यावर खरखरीत बसतो. चाचा सगळी गन सकाळी नऊच्या आत मारायचे. उलट पावसाळ्यात, हवेत ओल असताना, हे काम काढूच नये.

शेवटचं आणि फुकटचं काम. प्रत्येक दरवाजाच्या खालच्या काठाला बारीक भोकं असतात, काचेवरून आत उतरलेलं पाणी बाहेर जायला. माझ्या चारही दरवाजांची भोकं मातीनं बुजलेली होती. एक तार घालून मोकळी केली तर दरवाजातून वाटीभर चिखलाचं पाणी निघालं, तेही भर मे महिन्यात. सर्व्हिस स्टेशनवर वॉशिंग करताना शिपायासारखं बाजूला उभं राहण्यापेक्षा मडगार्डच्या आतून पाणी मारून घ्या आणि ही भोकं बघा. माझे पाचपैकी दोन डाग याच भोकांपायी आले होते.

साडेसहा हजारांत काम झालं. ऑगस्टमध्ये गाडी पासही झाली.

आता ज्यासाठी ही पोस्ट लिहायला बसलो ते.

दुसऱ्या दिवशी दुपारी गॅरेजमध्ये एक स्कूल व्हॅन आली. आमच्याच तालुक्याची. तालुक्याचं नाव लिहीत नाही, शाळेचंही नाही, कारण लिहिलं तर लेकरू ओळखू येईल. व्हॅन जुनी होती. शाळा सुरू व्हायच्या आधी तिला फिटनेस करायचं होतं, म्हणून पिवळा रंग मारायला आणली होती. चाचांनी बाजूचा सरकता दरवाजा उघडला, आतली रबरी मॅट उचलली आणि मला हाक मारली. "आओ, देखो."

फ्लोअरवर, मधल्या सीटच्या पुढं, जिथं लेकरांचे पाय येतात तिथं, पत्र्याचा एक तुकडा रिबिटनं ठोकलेला होता. त्याच्या कडेनं पुट्टी. पुट्टीला तडे गेलेले. माझ्या हातात तोच स्क्रू ड्रायव्हर होता. तुकड्याच्या बाजूला टेकवला. जोर लावला नाही. तो मुठीपर्यंत गेला, आणि खाली वाकून बघितलं तर टोक बाहेर दिसत होतं.

चाचांनी आधीच मालकाला सांगितलेलं होतं, की याला पॅच चालणार नाही, अर्धा फ्लोअर काढून नवीन पत्रा टाकावा लागेल, खालच्या पट्ट्यापण सडल्यात. खर्च वीस हजारांच्या आसपास आणि चार दिवस. मालक म्हणाला होता, आत्ता रंग मारून द्या, खालचं दिवाळीच्या सुट्टीत बघू. चाचा मला म्हणाले, "मैंने बोल दिया. मी बोलायचं काम केलं." आणि त्यांनी मॅट खाली टाकली. संध्याकाळपर्यंत व्हॅन लिंबासारखी पिवळी झाली.

मी मोबाइलवर तीन फोटो काढले होते. एक मॅट उचललेली, एक स्क्रू ड्रायव्हर घुसलेला, एक मागून, नंबरप्लेटसह. ते अजून माझ्याकडं आहेत. त्यांच्यावर तारीख आहे.

बातमी केली नाही.

कारण सांगतो. मे-जून हा प्रवेशाच्या जाहिरातींचा सीझन. तालुक्याला काम करणाऱ्या पत्रकाराला पगार असा नसतो, मानधन असतं, आणि घर जाहिरातीच्या कमिशनवर चालतं. त्या शाळेची जाहिरात दर जूनला माझ्यामार्फत जायची. व्हॅन शाळेची नव्हती, खासगी मालकाची होती, पण तो मालक शाळेच्या जवळचा. मला कुणी धमकी दिली नाही, कुणी "बातमी करू नको" म्हणालं नाही. कुणाला माहीतच नव्हतं मी काय बघितलंय ते. मीच मनाशी हिशेब केला आणि लॅपटॉप बंद केला.

वर मनाची समजूत घालायला एक कारण होतंच. अजून काही घडलेलं नाही, मग बातमी कशाची? पत्रकारितेच्या डिप्लोमात बातमीची व्याख्या पाठ केलेली असते, ती अशा वेळी फार कामाला येते.

मी एक केलं. मालकाला फोन केला. ओळखीचा माणूस. म्हणालो, "दादा, फ्लोअरचं बघा जरा, मुलांचा विषय आहे." तो म्हणाला, "हो हो, सांगितलंय मिस्त्रीला, सुट्टीत करून टाकू." एवढ्यानं मला बरं वाटलं. मी बोलायचं काम केलं. चाचांचंच वाक्य.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात दुसरीतल्या एका मुलीचा पाय त्या फ्लोअरमधून खाली गेला. गतिरोधकावर व्हॅन आदळली, मुलगी सीटवरून पुढं सरकली, पाय टेकवला आणि पत्रा सुटला. गाडी हळू होती. मागच्या पोरांनी ओरडा केला, ड्रायव्हरनं जागेवर ब्रेक मारला. पोटरीला नऊ टाके. बूट रस्त्यावर पडला होता. मागचं चाक त्यापासून हातभर अंतरावर थांबलं, असं बघणाऱ्यांनी सांगितलं.

ती बातमी मीच दिली. दोन कॉलम, आतल्या पानावर. त्यात मी लिहिलं होतं, "सुदैवाने मोठा अनर्थ टळला." वीस वर्षांत हे वाक्य मी किती वेळा लिहिलं असेल, मोजता येणार नाही. विहिरीवर कठडा नव्हता, सुदैवाने. तार लोंबकळत होती, सुदैवाने. शाळेचं छत रात्री कोसळलं, सुदैवाने. या वेळी लिहिताना हात थांबला होता, पण थांबून पुन्हा तेच लिहिलं. व्हॅन "जुनाट" होती असं लिहिलं. ती जुनाट आहे हे मला मे महिन्यापासून माहीत होतं, हे लिहिलं नाही.

मुलीचे वडील रोलिंग मिलमध्ये कामाला आहेत. तेव्हा बातमीसाठी त्यांना भेटलो तेव्हा ते म्हणाले होते, "साहेब, आम्ही रोज लोखंडातच असतो. पण मॅटखाली काय आहे हे कोण बघतंय?" मी मान हलवली आणि वहीत लिहून घेतलं.

नऊ महिने ते वाक्य डोक्यात राहिलं. मागच्या आठवड्यात त्यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. जाताना वाटलं होतं, चिडतील, हाकलतील. ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "फोटो हाये का अजून?" दाखवले. त्यांनी दुसरा फोटो मोठा करून बघितला. तारीख बघितली. मोबाइल परत दिला. मुलगी दारात बसून खेळत होती, तिच्याकडं त्यांनी एकदा बघितलं. मग म्हणाले, "तुम्ही हे लिव्हा. आमचं नाव नका टाकू, बाकी सगळं लिव्हा." त्यांनी मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. चहा मात्र दिला.

म्हणून लिहितोय.

आता काही लोक म्हणतील, आरटीओ काय करतं? फिटनेस कसं मिळालं? विचारायलाच पाहिजे. प्रवासी वाहनाला पहिली 8 वर्षं दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी फिटनेस तपासणी आहे. शाळेच्या बसगाड्यांसाठी महाराष्ट्रात 2011 पासून वेगळे नियम आहेत. प्रत्येक शाळेत परिवहन समिती असली पाहिजे, मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष, आणि तिच्यात पालकांचा प्रतिनिधीसुद्धा असतो. कागदावर सगळं आहे. पण तपासणारा ब्रेक बघेल, लाइट बघेल, टायर बघेल. मॅट चिकटवलेली असेल आणि ती उचलायला कुणी सांगणारं नसेल, तर राहून जातं. आणि तपासणी वर्षातून एका दिवशी होते. गाडीत लेकरू बाकी सगळे दिवस बसतं.

वरून चांगली दिसणारी गाडी खालून चांगली असते, हा समज आपल्या डोळ्यांनाच लागलेला आहे. आपली जुनी लालपरी आठवा. तिच्यावर तांबडा गंज फारसा दिसायचा नाही, कारण वरचे पत्रे ॲल्युमिनियमचे असायचे. ॲल्युमिनियम तांबडं पडत नाही. पण आतला सांगाडा लोखंडाचा, आणि तो आत गंजायचाच. गेल्या काही वर्षांत एसटीच्या चिकलठाणा, दापोडी, हिंगण्याच्या कार्यशाळांमध्ये माइल्ड स्टीलच्या बॉडी बांधायला लागले. अपघातात त्या जास्त टिकाव धरतात. पण स्टीलचा रंग उडाला की त्या जागेला वेळेवर प्रायमर लागतो, नाहीतर ती गंजते. धातू कोणताही असू द्या, कुणीतरी खाली वाकून बघावं लागतं.

आणि एक फरक नीट समजून घ्या. दरवाजावरचा डाग, डिक्कीवरचा ठिपका, हे दिसण्याचे आजार आहेत. ते वर सांगितलं तसं घरी घासून, प्रायमर लावून बरे होतात. उशीर झाला तर खर्च वाढतो, एवढंच. पण फ्लोअर, दरवाजाखालची फूटबोर्डची पट्टी, सीट जिथं बोल्टनं बसवलीय ती जागा, सीटबेल्टचा बोल्ट, पाट्याचं किंवा स्प्रिंगचं बसकं, या जागांना पुट्टी नाही. तिथं गंजानं पत्रा खाल्ला असेल तर कापून नवीन पत्रा वेल्ड करणं हा एकच इलाज. जो कुणी तिथं पुट्टी भरून रंग मारून देतो, तो ते भोक झाकून देतो.

तर शाळा सुरू व्हायच्या आधी एवढं करा.

व्हॅनवाल्याला सांगून गाडी दारात घ्या आणि मॅट उचला. त्याला राग येईल, येऊ द्या. बरेचसे व्हॅनवाले चांगले आहेत, गाडी जपतात, ते स्वतः उचलून दाखवतील. ज्यांनी मॅट फेव्हिकॉलनं चिकटवलीय त्यांना का चिकटवली ते विचारा.

स्क्रू ड्रायव्हर सोबत ठेवा. पायाखालचा पत्रा, सीटचे बोल्ट, दरवाजाच्या खालची पट्टी, तिन्ही ठिकाणी टेकवून बघा. टणक लागलं तर ठीक. करकरलं तर मुलाला त्या गाडीत बसवू नका.

गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाका. फिटनेस कधीपर्यंत आहे ते दिसतं. एक मिनिटाचं काम आहे.

शाळेत जाऊन विचारा, परिवहन समितीत पालकांचं कोण आहे आणि शेवटची बैठक कधी झाली. उत्तर मिळालं नाही तर लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

व्हॅनवाल्यांनाही एक सांगतो. वीस हजार एकदम निघत नाहीत हे मला कळतं. एका लेकरामागं महिन्याला मिळतं किती आणि डिझेल जातं किती, हा हिशेब मी जवळून बघितलाय. पण सुरुवातीचा ठिपका दोनशे रुपयांच्या पॉलिश पेपरात आणि प्रायमरात जातो. मॅट काढून महिन्यातून एकदा फ्लोअर वाळवा. रबरी मॅटखाली पावसाचं पाणी बसतं, पोरांच्या बाटलीचं पाणी बसतं, ते बाहेर जात नाही आणि पत्रा खालून नाही, वरूनच सडतो. त्या व्हॅनचं तेच झालं होतं. आणि पालकांनो, एखाद्यानं सुट्टीत फ्लोअर बदलायला काढला तर दोन महिन्यांचं भाडं आगाऊ द्यायची तयारी ठेवा. तुमचंच लेकरू त्यात बसणार आहे.

चाचांना ही पोस्ट टाकायच्या आधी वाचून दाखवली. त्यांच्याबद्दल लिहिलेलं त्यांनी काढायला सांगितलं नाही. म्हणाले, त्या दिवसापासून मॅटखाली भोक असलेल्या शाळेच्या गाडीला ते रंग मारत नाहीत, दोन गिऱ्हाइकं परत पाठवलीत.

माझ्या गाडीचं म्हणाल तर पाचपैकी चार जागा चांगल्या आहेत. मडगार्डच्या काठाला मात्र परवा पुन्हा एक फोड दिसला. तिथं मी शेवटच्या दिवशी घाई केली होती, काळे ठिपके राहिलेले दिसत होते, तरी म्हणालो की चालतंय, आणि त्यावर प्रायमर घेतला होता. रविवारी पुन्हा घासायला बसणार आहे. या वेळी पत्रा पांढरा होईपर्यंत.

तुम्हाला मॅटखाली काही सापडलं तर फोटो कमेंटमध्ये टाकू नका, नंबर आणि लेकरांचे चेहरे दिसतात. मला मेसेज करा. गाडी कुणाचीही असू द्या, कोणत्याही शाळेची असू द्या. आधी मालकाला आणि शाळेला कळवू, दोन दिवस देऊ. नाही केलं तर बातमी करीन. पेपरनं छापली नाही तर इथं टाकीन.